शेऱ्याचा रकाना

आमच्या ऑफिसात मासा हातात धरून त्याच्याबद्दल काही सांगू शकतील अशी माणसं दोनच. एक बाई आणि दुसरा मी, तोही बाईंमुळे. बाकी सगळे शास्त्रज्ञ. हे मी चेष्टेने म्हणत नाही, रागाने म्हणतो. बारा वर्षं ऑफिसची जीप चालवल्यावर तेवढा राग माझ्या हक्काचा आहे.

बाईंच्या पदाचं नाव कागदावर दीड ओळ होतं. धक्क्यावर मात्र सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. सकाळी बोटी लागल्या की टोपल्यांतून पन्नास बांगडे उचलायचे, एकेक मोजफळीवर आडवा ठेवायचा, तोंड खुंटीला टेकवायचं, लांबी वाचायची आणि तक्त्यात लिहायची. उचलताना निवडायचं नाही, ही त्यातली खरी मेख. बोटवाले हौसेने मोठा मासा पुढे करत आणि बाई नेमका त्याच्या खाली दबलेला ओढून काढत. "मला फोटो काढायचा नाहीये," त्या म्हणायच्या, "मोजायचंय." हात गारठून लाल व्हायचे, पण पन्नासचे एकोणपन्नास कधी झाले नाहीत.

जुनी फळी लाकडाची होती. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती मी मोडली. जीप मागे घेताना मागे बघितलं नाही, कटकन आवाज आला, उतरून बघतो तर फळीचे दोन तुकडे. माझी पाचावर धारण बसली. बाईंनी तुकडे उचलले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ऑफिसात लिहून दिलं, ‘फळी झिजली, नवीन मिळावी.’ नवीन फळी आणायला मलाच मुख्यालयात पाठवलं. ती अ‍ॅल्युमिनियमची होती आणि तिच्यासोबत एक पत्रही होतं.

त्या पत्रानेच सगळा घोळ झाला. बांगड्याची शेपूट मधे खाच असलेली, दोन टोकांची असते. टोपलीत घासून ती टोकं तुटतात, म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून खाचेपर्यंत मोजायची पद्धत होती. पत्रात हुकूम होता की यापुढे सगळीकडे टोकापर्यंत मोजा. बाई तेव्हाच्या साहेबांकडे गेल्या. "मोजते. पण मग चौदा वर्षांच्या जुन्या आकड्यांचं काय? ते यांच्याशी जुळणार कसे?"

"ते वर बघतील," साहेब म्हणाले.

वर कोणी बघत नाही हे बाईंना तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, म्हणजे शेऱ्यात, लिहायला सुरुवात केली. ‘आजपासून टोकापर्यंत. मागचे आकडे खाचेपर्यंत आहेत.’ तीन महिने रोज लिहिलं. मग बाई थांबल्या. एव्हाना कोणीतरी वाचलंच असेल, असं त्यांना वाटलं.

या वर्षी विभागीय मत्स्यविज्ञान परिषद भरवायचा मान आमच्या केंद्राला मिळाला आणि ऑफिसात लग्नघर झालं. एकशे चाळीस पाहुणे, तीन दिवस. साहेब, म्हणजे आत्ताचे, सकाळी फुलांची चिंता करत आणि दुपारी प्रोजेक्टरची. मला स्टेशनावरून पाहुणे आणायचं काम होतं. बाईंचं अक्षर चांगलं म्हणून त्यांना नोंदणीचं टेबल मिळालं: बॅज, पिशव्या, जेवणाची कुपनं. "सव्वीस वर्षं मासे मोजले, आता शास्त्रज्ञ मोजते," त्या म्हणाल्या. "हे जास्त वळवळतात."

पिशव्यांमध्ये घालायच्या पुस्तिकेची पानं लावताना बाईंचा हात एका पानावर थांबला. मी समोरच पिशव्यांना बंद बांधत होतो. पानावर साहेबांच्या निबंधाचा सारांश होता आणि एक आलेख. बांगड्याची सरासरी लांबी, वर्षावार. चौदा वर्षं रेघ साडेअठरा सेंटीमीटरच्या आसपास रांगत होती. मग एका वर्षात ती टुणकन एकवीसवर गेली. तिथून हळूहळू उतरत आता विसावर आली होती. खाली निष्कर्ष होता: मासा लक्षणीय वाढला आहे, साठा सुधारला आहे, सबब विणीच्या हंगामातली नव्वद दिवसांची मासेमारी बंदी पंचेचाळीस दिवसांवर आणण्याची शिफारस परिषदेने करावी.

"ही उडी कुठल्या वर्षाची आहे बघ," बाई म्हणाल्या.

मी बघितलं. मी फळी मोडली ते वर्ष.

"मासा वाढला नाही रे. आपण शेपूट धरून मोजायला लागलो." त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात हिशेब केला. "आजचे वीस म्हणजे खाचेपर्यंत पावणेअठरासुद्धा नाहीत. मासा आखूड झालाय. आणि हे म्हणतायत बंदी निम्मी करा. अंडी टाकायच्या आधीच जाळ्यात येईल तो."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. मी पिशव्या घेऊन दाराशी उभा राहिलो. पिशव्या ठेवायला दुसरी जागा होती, पण मी तिथेच उभा राहिलो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "जुने तक्ते संगणकात भरले तेव्हा शेऱ्याचा रकाना घेतलाच नाही, बाई. त्यात आकडे नव्हते ना, शब्द होते."

"मग मूळ तक्ते काढा."

"ते रद्दीत गेले. आणि तुमच्या आठवणीवर मी निबंध मागे घेऊ? परिषदेनंतर निवांत बघू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आठ महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीचे. मानाने जा. आणि एक, व्यवस्थेतल्या लोकांनी सत्राच्या वेळी सभागृहात बसायचं नाही. खुर्च्या कमी आहेत."

खुर्च्या कमी नव्हत्या. मीच मांडल्या होत्या.

घरीही बाईंना आधार मिळाला नाही. त्यांचा धाकटा भाऊ बोटवाला, शेजारीच राहायचा. बंदी कमी होणार या बातमीने सगळा धक्का खुशीत होता आणि भाऊ सगळ्यात जास्त. मी बाईंना सोडायला गेलो तेव्हा तो अंगणात जाळं सांधत बसला होता. "ताई, पहिल्यांदाच तुमच्या ऑफिसातून काहीतरी चांगलं निघतंय. तू आता गप्प बस," तो म्हणाला.

"आकडा खोटा आहे."

"असू दे ना! तुला काय करायचंय? आकडा तुझा आहे का?"

"मग कोणाचा आहे?" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आतून त्यांचा नवरा पाना हातात घेऊनच बाहेर आला. "हात माझे सडलेत त्या बर्फात! आकडा माझा नाही तर कोणाचा?"

भाऊ जाळं तिथेच टाकून निघून गेला. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. बाईंनी त्याला सांगितलं, मोरीतली साबणाची फळी काढून दे. त्याने का म्हणून विचारलं नाही. दोन स्क्रू काढले, फळी पुसली आणि माझ्या हातात दिली. ती मी मोडलेल्या मोजफळीची अर्धी बाजू होती. खुंटी होती आणि पंचवीसपर्यंतचे आकडेही शाबूत होते. बारा वर्षं तिच्यावर साबण होता.

"बाई, हे दाखवून काय होणार?" मी म्हणालो. "फळी कधी मोडली याला पुरावा काय?"

"नवीन आणायला तूच गेला होतास," बाई म्हणाल्या. मग माझीच ट्यूब पेटली. ड्रायव्हरला रोज लॉगबुक लिहावं लागतं. किती किलोमीटर, कुठे, कशाला, आणि शेवटी शेरा. संगणक आले, तक्ते रद्दीत गेले, पण गाडीची लॉगबुकं तपासणीसाठी जपून ठेवतात. मासा कुठे गेला हे सरकार विचारत नाही, डिझेल कुठे गेलं ते विचारतं. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधल्या कपाटातून ते वर्ष शोधून काढलं. माझंच अक्षर, तेव्हाच्या साहेबांची सही, आणि शेऱ्यात लिहिलेलं: ‘मुख्यालय फेरी. मोजफळी नवीन आणली. मासा टोकापर्यंत मोजण्याबाबत पत्र आणले.’ आदल्या आठवड्याचा शेरा मात्र मी दोनदा वाचला. नवशिका होतो, खरं लिहून बसलो होतो: ‘फळी चाकाखाली आली.’

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा निबंध होता आणि त्याच सत्रात शिफारस मंजूर व्हायची होती. ठराव टाइप होऊन तयार आहे, हे दोन पाहुणे माझ्या मागच्या सीटवर बोलत होते. ड्रायव्हरला कान नसतात अशी पाहुण्यांची समजूत असते.

त्या दिवशी सकाळी बाई आधी धक्क्यावर गेल्या. भावाच्या बोटीशी उभ्या राहून म्हणाल्या, "एक बांगडा दे." त्याने टोपलीतला सगळ्यात देखणा मासा काढून दिला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा निवडलेला मासा घेतला. "आज कोणी म्हणायला नको, मुद्दाम बारका आणला म्हणून."

तो मासा बर्फाच्या डब्यात, डबा नोंदणीच्या टेबलाखाली. झाकण नीट बसत नव्हतं. दुपारपर्यंत वास सुटला. साहेब तिथून दोनदा गेले आणि दोनदा म्हणाले, "कसला वास येतोय हा?" एकशे चाळीस मत्स्यतज्ज्ञ चहा पीत उभे होते, एकालाही ओळखता आला नाही.

निबंध संपला, टाळ्या झाल्या. सत्राच्या अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, दुसऱ्या केंद्रातल्या जुन्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी विचारलं, "प्रश्न?" मागचं दार उघडलं आणि बाई आत आल्या. धक्क्यावरचे रबरी बूट, हातात डबा, बगलेत दोन फळ्या.

"त्या व्यवस्थेतल्या आहेत," साहेब माइकवर घाईघाईने म्हणाले. "बाई, चहाचं नंतर बोलू."

"तुमचा प्रश्न आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "मासा आहे."

हशा पिकला. बाई तो हशा तुडवत पुढे गेल्या. मंचावरची फुलदाणी बाजूला केली, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जुनी अर्धी फळी ठेवली, तिच्यावर बांगडा आडवा ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "खाचेपर्यंत वाचा."

अध्यक्षांनी चष्मा चढवला. "एकोणीस."

बाईंनी तोच मासा उचलून अ‍ॅल्युमिनियमच्या फळीवर ठेवला. "आता टोकापर्यंत."

"साडेएकवीस."

"अडीचचा फरक. पडद्यावरची उडी मोजा."

पडद्यावर आलेख तसाच होता. साडेअठरा ते एकवीस. कोणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेतला एकजण वहीत भराभर काहीतरी लिहू लागला.

"हे एका कर्मचाऱ्याचं म्हणणं झालं," साहेब म्हणाले. "पद्धत त्याच वर्षी बदलली याला लेखी आधार काय?"

तेव्हा बाईंनी दाराकडे बघितलं, आणि मला कळलं की आता मूग गिळून उभं राहता येणार नाही. दारापासून मंचापर्यंतचा गालिचा मी कसा ओलांडला मला आठवत नाही. लॉगबुक टेबलावर उघडून ठेवलं. "फळी मी मोडली," मी म्हणालो. "माझ्या गाडीखाली आली. नवीन फळी आणि ते पत्र मीच आणलं. तारीख आहे, तेव्हाच्या साहेबांची सही आहे." मग काय अंगात आलं कोण जाणे, मी म्हणालो, "आणि हा शेऱ्याचा रकाना आहे. तो वाचायचा असतो."

अध्यक्षांनी दोन्ही पानं वाचली. सावकाश, बोट फिरवत. मग ठरावाचा टाइप केलेला कागद उचलला, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. "शिफारस आज मांडली जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी आकडे दुरुस्त होतील." साहेब टेबलक्लॉथवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

यंदा बंदी नव्वद दिवसांचीच राहिली. भावाने बाईंशी बोलणं टाकलं, अजूनही बोलत नाही. धक्क्यावर काही जण बाईंना बघून तोंड फिरवतात. बाई टोपलीत हात घालतात तेव्हा मोठा मासा आता कोणी पुढे करत नाही. "बरंच झालं," त्या म्हणतात, पण तसं म्हणताना त्या भावाच्या बोटीकडे बघत असतात, मी बघितलंय.

परिषदेनंतर तीन आठवड्यांनी मुख्यालयाचा लिफाफा आला. तो मीच धक्क्यावर नेऊन दिला. आत दोन कागद होते. एक नोटीस: पूर्वपरवानगीशिवाय सत्रात बोलल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा. बाईंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि तिथेच खुलासा लिहिला. ‘मी बोलले नाही. मी मोजलं. त्याचीच मला नेमणूक आहे.’ खाली सही केली आणि कागद मला दिला.

दुसरा कागद नवीन तक्त्याचा नमुना होता. लांबीचे आता दोन रकाने होते, खाचेपर्यंत आणि टोकापर्यंत. पत्रात कोणाचं नाव नव्हतं, झालेल्या चुकीचा उल्लेखही नव्हता. मी खुशीत येऊन म्हणालो, "बघा बाई, झालं ना!" बाई कागद उलटसुलट करून काहीतरी शोधत होत्या. दोन रकान्यांना जागा करण्यासाठी त्यांनी शेऱ्याचा रकाना काढून टाकला होता.

बाईंनी पेन उघडलं. जुन्या फळीची अर्धी बाजू कागदावर आडवी धरली, समासात वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि माथ्यावर लिहिलं, ‘शेरा.’ मग पहिल्या ओळीत लिहिलं, ‘हा रकाना कापला होता. आजपासून परत.’ आणि टोपलीतून पहिला बांगडा उचलला, खाली दबलेला.