अर्धा ड्रम

"डिझेल म्हणजे काय दूध आहे, नासायला?" हे वाक्य माझं. सात-आठ जणांसमोर म्हटलं आणि सगळे हसले. विनोद साधला की मी दिवसभर खुशीत असतो. खोड जुनी आहे.

सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यालगतच्या आश्रमशाळेत मी शिकवतो. पाड्याची विहीर खाली दरीत आहे. होळीनंतर वरचे झरे आटले की विहिरीचं पाणी डिझेल इंजिनाने वरच्या टाकीत चढवायचं, आणि शाळेने नि पाड्याने टाकीवर भरायचं. पाऊस लागला की इंजिनाला सुट्टी. पाणी समितीत मी आहे तो मला अर्ज लिहिता येतात म्हणून. इंजिन चालवायला एक माणूस होता. वयाने माझ्याहून मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. समितीतल्या इतरांची भाताची, नागलीची शेतं आहेत. त्याच्या घरात जमीन कधीच नव्हती. बाप आणि आजा दुसऱ्यांच्या बांधावर राबले. त्याच्याकडे इंजिनघराची किल्ली होती. ती त्याच्या करगोट्याला बांधलेली असे.

मागच्या वर्षी उन्हाळा लागण्याआधी आम्ही दोघं जीपमध्ये रिकामा ड्रम टाकून जव्हारच्या रस्त्यावर पेट्रोलपंपावर गेलो. तिथे मांडव होता. डिझेलमध्ये आता थोडं बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलापासून वगैरे केलेलं इंधन, शेकड्यात पाच-सहा भाग मिसळून येणार होतं आणि त्याचा शुभारंभ होता. डिझेलच्या नळीला झेंडूचा हार घातला होता. पाहुणे दोन तास उशिरा आले. मग नारळ फोडायला दगड सापडेना. जव्हारात, जिथे दगड सोडून दुसरं काही मुबलक नाही. भाषणांत वसुंधरा वारंवार आली. समारंभ आटपेपर्यंत आमचा ड्रम कोणी भरेना, म्हणून आम्ही बसून होतो.

पाहुणे जेवायला उठल्यावर माइक कंपनीच्या एका तरुण इंजिनिअर बाईंच्या हाती आला. रिकाम्या खुर्च्यांपुढे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की हे मिश्रण पाणी लवकर धरतं, ड्रममध्ये पावसाळाभर ठेवू नका, अर्धा रिकामा ड्रम तर मुळीच नको. तळाला पाणी साचतं, त्यावर शेवाळासारखी घाण धरते आणि फिल्टर बंद पडतो. त्या दिवशी कामाचं एवढंच बोललं गेलं. मी त्या वेळी मनात त्या नारळाची गोष्ट रचत होतो. पुढे महिनाभर स्टाफरूममध्ये ती हावभावांसह सांगितली. तो मात्र ड्रमवर बसून बाईंचं ऐकत होता. शब्द माझ्याही कानावर पडले होते. मी त्यांनाही समारंभातच जमा केलं.

जूनमध्ये अर्धा ड्रम उरला. शाळेच्या ओट्यावर समिती बसली होती. तो म्हणाला, हे डिझेल जीपवाल्याला देऊन टाकू, पुढल्या साली ताजं आणू, पावसात ते पानी धरल. तेव्हा मी ते दुधाचं वाक्य टाकलं. त्याने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मी म्हटलं, अरे, तू त्या मांडवात बसून हिरवा झालास काय? पुन्हा हशा. त्याने ड्रमचं झाकण घट्ट लावलं आणि वर प्लास्टिक बांधलं.

यंदा होळीनंतर इंजिन चार दिवस चाललं आणि बंद पडलं. मोखाड्याहून आलेल्या मेकॅनिकने फिल्टर उघडला. आत तपकिरी, बुळबुळीत लगदा. त्याने तो बोटावर घेतला, हुंगला आणि म्हणाला, "यात पाणी आहे. कोणीतरी डिझेल काढून पाणी घातलंय." कोणीतरी म्हणजे कोण, हे कोणालाच विचारावं लागलं नाही. किल्ली एकाकडेच होती.

त्या लगद्याकडे पाहताच मला बाईंचा शब्द न् शब्द आठवला. संध्याकाळी बैठक झाली. तो माझ्याकडे पाहत होता. नुसता पाहत होता. विनवणी वगैरे काही नव्हती. मी तोंड उघडलं आणि माझ्या शुद्ध मराठीत म्हणालो, की चौकशी होईपर्यंत किल्ली समितीकडे असावी. चौकशी कोण करणार होतं? त्याने करगोट्याची गाठ सोडायला बराच वेळ घेतला. किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि गेला.

इंजिन साफ होऊन येईस्तोवर बायांनी दरीतून हंडे वाहिले. एका सकाळी मीही कळशी घेऊन उतरलो होतो. त्याची बायको रांगेत होती. पुढची बाई मागे वळून म्हणाली, "तुला गं पानी कशाला? तुझ्या घरी डिझेल हाय ना, त्याचाच चा कर." बाया हसल्या. विनोद माझ्याच जातीचा होता, थोडा अधिक बरा. तिने हंडा भरला आणि चढ चढू लागली.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. मांडव, बाईंचं बोलणं, त्याचा सल्ला, माझं दुधाचं वाक्य, सगळं क्रमाने सांगितलं. चूक माझी आहे, त्याने थेंबही घेतलेला नाही, असं म्हणालो. मग एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "गुरुजी मोठ्या मनाचे. गरिबाला वाचवायला सोताच्या डोक्यावर घेतात." माना डोलल्या. मी पुन्हा सांगू लागलो तसा माझा मोठेपणा वाढतच गेला. हारच तेवढा राहिला होता. किल्ली तोवर दुसऱ्याकडे गेली होती, ती तिथेच राहिली.

मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात खाट विणत होता. बैठकीत काय झालं ते त्याच्या कानावर आलंच होतं. मी म्हटलं, मी खरं तेच सांगितलं, पण ऐकत नाहीत. पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो, आणि ते दोघांनाही अवघड झालं.

त्याने दोरी ओढून गाठ मारली. "गुरुजी, किल्ली ठेवली त्या दिशी बोलले असते, तं ते खरं झालं असतं. आता तो तुमचा मोठेपना झाला."

मी म्हटलं, किल्ली परत मागतो. तो म्हणाला, नको. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जानार.

या जूनमध्येही ड्रममध्ये डिझेल उरलं. नव्या माणसाने विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, जीपवाल्याला देऊन टाक, हे पावसात पाणी धरतं. समिती सगळी बसली होती. सगळ्यांनी लगेच मान हलवली. कोणी हसलं नाही.