आत्यांच्या पोलिश राण्या

मध्ययुगातल्या पोलंडमधली कुठली सरदारकन्या कोणाच्या घरी पडली आणि कशानं गेली, हे माझ्या नवऱ्याच्या आत्यांना माहीत नाही असं कधी झालेलं नाही. सख्ख्या भाच्याचा वाढदिवस मात्र फोननं आठवण केल्याखेरीज त्यांच्या लक्षात राहत नाही. आत्यांनी लग्न केलं नाही. जन्म औषधांच्या लॅबमध्ये काढला, आणि रिटायर होताना एका पोलिश मैत्रिणीनं जाडजूड पुस्तक भेट दिलं. त्यातली चित्रं बघता बघता आत्या इतक्या गुंतल्या की सत्तरीला टेकल्यावर चक्क पोलिश शिकल्या. तेव्हापासून वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या टाउनहाउसात या बायका घरच्यासारख्या वावरतात. त्यांतल्या एका डचेसला अनवाणी चालायची सवय होती. धर्मगुरूनं बूट जवळ बाळगायची आज्ञा केली, तर तिनं ते काखेत बाळगले. हे वाचल्यापासून आत्यासुद्धा कोणाकडे गेल्या की दारातल्या ढिगात चपला न सोडता काखेत घेऊन सोफ्यावर बसतात. वर म्हणतात, "आज्ञाही पाळली आणि चपलाही हरवल्या नाहीत."

एका पॉटलकला त्या मसालेभात वाढून घेता घेता हळहळत होत्या, की पोरीला बारा-तेराव्या वर्षी दिली परक्या मुलखात, आणि विशीत गेली बिचारी. अल्फारेटाहून नव्यानंच आलेल्या एका काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि कधी झालं हे, असं विचारलं. "झाली सहा-सातशे वर्षं," आत्या म्हणाल्या आणि वर कढी मागितली.

माझ्या डोहाळजेवणात मात्र त्यांनी कमाल केली. मी हिरवी साडी नेसून बसलेले, आणि आत्या शेजारी बसून सांगायला लागल्या, की एका मुलीला राणी नव्हे, राजा म्हणून मुकुट घातला होता. आधी तिचं बाळ गेलं, पाठोपाठ बाळंतपणातच तीही गेली. दागिने तिनं विद्यापीठाला देऊन टाकलेले, म्हणून थडग्यात लाकडी राजदंड ठेवला. माझ्या सासूबाईंनी आत्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, तोंड बंद राहावं म्हणून. मला राग आला नाही. आत्यांच्या लेखी ती कालपरवाची गोष्ट होती, एवढंच.

पुढे माझी डिलिव्हरी कठीण गेली. मुलगी सुखरूप झाली, पण माझा रक्तस्राव थांबेना आणि मला घाईनं ऑपरेशनला नेलं. नवऱ्यानं नंतर सांगितलं की आत्या बाहेर खुर्चीत ताठ बसून होत्या. पुस्तक उघडलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला तेवढं विचारत होत्या, थांबलं का, म्हणून. दुपारी मला शुद्ध आली तेव्हा त्या उशाशी होत्या. त्यांनी माझे केस मागे सारले, आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.

"अगं, पुस्तकात ते दोन ओळींत संपतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तेवढंच असतं."

आता मुलगी चार वर्षांची आहे. शनिवारी आत्या तिला सांभाळतात आणि गोष्टी सांगतात, अर्थात पोलंडच्याच. परवा मी लवकर घ्यायला गेले, तर त्या राजा झालेल्या मुलीचीच गोष्ट चालली होती. मुकुट झाला, लग्न झालं, दागिने विद्यापीठाला देऊन झाले. मुलीनं विचारलं, "अँड देन?" मी दारातच थांबले. एका तारखेची चूक सापडली तर प्रकाशकाला ईमेल करणाऱ्या आत्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं. आणि म्हणाल्या,

"मग ना, ती म्हातारी झाली. खूप खूप म्हातारी झाली."