हाकानिएमीचा सांधा

ताइस्तोला जाऊन दोन हिवाळे झाले. माणूस फार कंटाळवाणा होता, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाला लगेच देवमाणूस करणं मला जमत नाही. चौतीस वर्षं त्याने हेलसिंकीत ट्राम चालवली, त्यातली सव्वीस माझ्याच डेपोतून. कॉफी काळी, पाव कालचा आणि बोलणं जवळजवळ नाहीच.

आम्हा चालकांची एक रीत आहे. समोरून ट्राम आली की हात वर करायचा, भांडण असो वा नसो. माझ्या पहिल्या नवऱ्यालाही घटस्फोटानंतर मी दहा वर्षं हात करत होते, आता बोला. फक्त सांध्यावर करायचा नाही. रूळ जिथे दोन दिशांना फुटतात तिथे नजर खाली, सांध्याच्या पात्यावर, मग समोर कोणीही असो. ताइस्तो नव्या चालकांना हे घोकून घ्यायचा. स्वतःच्या लेकीलाही त्यानेच शिकवलं.

लेक हेन्ना. तीही ट्रामवरच आली होती. मग तिची आई सिस्को आजारी पडली. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा ताइस्तो फेरीच्या मध्यावर होता. कंट्रोलला एक शब्द सांगितला असता, तर वीस मिनिटांत बदली चालक आला असता. याने ब्रसुद्धा काढला नाही. फेरी पूर्ण केली, ट्राम लावली आणि मग गेला. तोवर सगळं संपलं होतं.

"भरलेली गाडी मध्येच कशी सोडायची?" एवढंच तो म्हणाला.

"तुला आईपेक्षा ट्राम जवळची," हेन्ना म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. बदली मागून मेट्रोवर गेली. कंपनी तीच, पगार तोच, पण जमिनीखाली, म्हणजे बाप दिसायला नको.

तीन वर्षांनी ती अचानक परत ट्रामवर आली, तेही तीन नंबरवर, त्याच्याच मार्गावर. आम्हाला वाटलं, मिटलं एकदाचं. पहिल्या दिवशी ताइस्तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. समोरून हेन्नाची ट्राम आली, याने हात वर केला, आणि ती सरळ समोर बघत निघून गेली.

मग रोज तेच. संध्याकाळी मी विचारायचे, "आज केला?"

"नाही."

"मग तू तरी कशाला करतोस?"

"रीत आहे."

असं दीड वर्ष चाललं. पण मध्ये पडणारी मी कोण?

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, मी त्याच्या मागे उभी होते. काचेपाशी आम्ही फुलं बांधली होती. हाकानिएमीच्या चौकात आमची ट्राम सांध्यावर आली आणि नेमकी तेव्हाच समोरून हेन्ना आली. ताइस्तोची नजर खाली. आणि हेन्नाचा हात वर गेला, काचेला टेकेपर्यंत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ताइस्तोने मान उचलली तोवर ती पुढे गेली होती.

डेपोत केक कापल्यावर मी त्याला सांगितलं. तो कप धूत होता.

"रायली, तू मनाची चांगली आहेस," तो म्हणाला. "पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस."

मी शपथ घेतली, तरी ऐकेना. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, जा खड्ड्यात दोघंही. तशीच उठून हेन्नाकडे जायला हवं होतं. नाही गेले. नोव्हेंबरात बर्फ उपसताना तो दारातच कोसळला.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी हेन्नाला कोपऱ्यात गाठलं. "हात केलास तो सांध्यावर? तिथे तो वर बघत नाही, तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं ना," ती म्हणाली. "म्हणून तर तिथेच करायचे."

"करायचे म्हणजे?"

"आमच्या ट्राम तिथे समोरासमोर आल्या की दर वेळी. मेट्रो सोडली ती त्यासाठीच. तो बघत असला की माझा हातच वर जायचा नाही." तिने कप ठेवून डोळे पुसले. "वाटायचं, एकदा तरी चुकून वर बघेल."

"तो चुकायचा नाही गं," मी म्हटलं, आणि मग मलाही रडू आवरलं नाही.