ऱ्हाईनच्या काठाकाठाने

बाबांना आल्प्स दाखवायचा असं मी जाहीर केलं त्या दिवशी सलग बारा तास वॉर्डात उभी होते, हे आधीच सांगून टाकते. दमलेला माणूस वाट्टेल ते कबूल करतो. घरी आले तेव्हा बाबा हॉलमधल्या खुर्चीत स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत बसले होते. ग्लासगोला नोव्हेंबरात चारच्या सुमाराला दिवस आटपतो. "दिवसभर काय केलंत?" विचारलं, तर म्हणाले, "समोरच्यांचा कुत्रा दोनदा फिरून आला." मला इतकं अपराधी वाटलं की कोटही न काढता मी बोलून गेले, "बाबा, न्यू इयरला आपण स्वित्झर्लंडला जाऊ. गाडीने."

बाबांनी सांगलीला एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ऱ्हाईन नदी ते फळ्यावर न बघता काढायचे, उगमापासून मुखापर्यंत, मध्ये कुठे वळते त्यासकट. प्रत्यक्षात मात्र त्यांचं सगळं आयुष्य कृष्णेच्या काठी गेलं. आता वय एकोणऐंशी, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायला आलेला. आई गेल्यानंतर तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते आणि विमानतळावरच मला बजावलं होतं, "ही शेवटची खेप हं." म्हणजे दाखवायचं तर याच हिवाळ्यात.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर दोनशे पानी वही, टोक केलेली पेन्सिल आणि माझ्या मुलीचा शाळेचा अॅटलास. रूट त्यांनी मनातल्या मनात ठरवूनच टाकला होता. न्यूकासलहून बोटीने हॉलंडला उतरायचं आणि मुखाकडून उगमाकडे, ऱ्हाईनच्या काठाकाठाने वर चढत जायचं. नवरा म्हणाला, "बाबा, विमानाने दोन तासांत झुरिक येतं." बाबा म्हणाले, "विमानातून नदी कळत नाही." पंधरा वर्षांची लेक म्हणाली, "आजोबा, that's actually quite cool." झालं, एकमत.

मग रोज संध्याकाळी सहा ते सात आमची बैठक. मी लॅपटॉप घेऊन, ते वही घेऊन. खरं सांगते, मला भयंकर कंटाळा यायचा. आमच्याकडे हिवाळा म्हणजे छातीच्या पेशंटांची रांग. दिवसभर लोकांचे खोकले ऐकून आलेल्या बाईला कोलोनपासून कोब्लेन्झ किती, यात काय गोडी असणार? पण बाबांना एकेक किलोमीटर हवा होता. नदी डावीकडे असेल की उजवीकडे, द्राक्षांचे मळे कुठे सुरू होतात, सूर्य किती वाजता मावळतो, ते सगळं वहीत. "अहो बाबा, मॅपवर दिसतंय की सगळं!" असं मी खेकसायची. ते शांतपणे म्हणायचे, "तुझा मॅप रस्ता सांगतो. मी नदीबद्दल विचारतोय."

एकदा मात्र मी तोंडावर आपटले. मोठ्या ऐटीत लॅपटॉपवर शेवटचे दोन दिवस उगमाजवळच्या ओबराल्पच्या घाटातून गाडी नेऊन दाखवली, तर बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काय गं, डिसेंबरात? दहा-दहा फूट बर्फ असतं तिथे. घाट बंद. पहिल्या बाकावर बसायचीस ना माझ्या वर्गात?" आणि चक्क हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी ठरलं, की उगमाच्या खालच्या गावापर्यंत जायचं, दोन रात्री राहायचं आणि बर्फातून वर बघून नमस्कार करायचा.

रजेचं तर विचारूच नका. आमच्या डिपार्टमेंटमध्ये आम्ही दोघी-तिघी भारतीय डॉक्टर वर्षानुवर्षं ख्रिसमसची ड्युटी घेतो आणि त्या बदल्यात दिवाळी मागतो. या वेळी दिवाळीतही राबले, ख्रिसमसलाही राबायचं कबूल केलं आणि न्यू इयरचे नऊ दिवस मिळवले. ड्युट्यांचा रोटा बघणारी बाई म्हणाली, "तू हे बाबांसाठी करतेयस, किती गोड." मला गोडबिड काही वाटत नव्हतं, मला झोपायचं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोटीचं बुकिंग करायला बसले. प्रवाशांची माहिती भरायची होती. माझा पासपोर्ट, नवऱ्याचा, लेकीचा. मग बाबांना हाक मारली, "बाबा, तुमचा पासपोर्ट आणा." ते उठून आत गेले. जरा वेळ लावला. प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्यांचाही निळा, आमचे ब्रिटिशही आता निळेच, सिंहही दोन्हींवर. नंबर टाकला, पुढचा रकाना आला नागरिकत्वाचा, आणि माझा हात थांबला.

व्हिसा!

अरे देवा. याच देशात मीही पहिली आठ वर्षं भारतीय पासपोर्टवर काढली होती. पॅरिसच्या चार दिवसांसाठी पगाराच्या स्लिपा, नोकरीचं पत्र, फोटो, सगळी फाइल घेऊन एडिनबराला पहाटेच्या ट्रेनने गेले होते आणि एका फोटोचा आकार चुकला म्हणून परत आले होते. तीच मी! पासपोर्ट बदलला आणि पाच वर्षांत इतकं साफ विसरले, की माझ्या बापाला रांगेत उभं राहावं लागतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लंचमध्ये व्हिसा सेंटरला फोन केला. पलीकडची मुलगी सौजन्याने म्हणाली, की ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेल्यांचे अर्ज इथे घेत नाहीत, त्यांनी आपल्या देशातूनच करायचा असतो. बाबांचं परतीचं तिकीट जानेवारीचं. खेळ खलास.

संध्याकाळी घरी आले. बाबा नेहमीप्रमाणे वही उघडून बसले होते. प्रवासाचा आठवा दिवस लिहून झाला होता, नववा राहिला होता. कसंबसं सांगितलं. "बाबा, माझं चुकलं. तुम्हाला व्हिसा लागतो आणि तो इथून मिळत नाही."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "माहीत आहे मला," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"इथला व्हिसा काढला तेव्हाच एजंटाने सांगितलं होतं. युरोपचा वेगळा लागतो, हवा असेल तर भारतातूनच काढून जा म्हणून."

मी भडकलेच. "मग बोलला का नाहीत? तीन आठवडे मी मरमर मरतेय, रजेसाठी लोकांच्या हातापाया पडतेय आणि तुम्ही द्राक्षांचे मळे लिहीत बसलायत?"

बाबा चष्मा पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तू लॅपटॉप मिटला असतास."

"म्हणजे?"

"अगं, तू यायचीस, चहा घ्यायचीस आणि सोफ्यावर झोपून जायचीस. मी पांघरूण घालायचो. तुला बोलत नाही हं मी, दमतेसच तू. पण ही नदी निघाल्यापासून रोज तासभर शेजारी बसत होतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग परत उद्या."

वर जाऊन बाथरूमचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. राग त्यांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आले तर टेबल रिकामं. अॅटलास लेकीच्या दप्तरात परत गेला होता. बाबा खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीत. मी चहा केला. सोफा समोर होता आणि खोटं कशाला बोलू, मला प्रचंड झोप येत होती. मी टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला.

"बाबा, वही आणा. नववा दिवस राहिलाय."

"त्याला आता काय अर्थ आहे?"

"काही नाही. आणा."

त्यांनी वही आणली, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "दमली असशील गं," म्हणाले.

"दमलेय," मी म्हटलं. "बसा तुम्ही."