घरासाठी वेगळी काडतुसं

आमच्या घरी काडतुसं दोन प्रकारची आहेत. एक सरावाची आणि एक घरातली. रोजचा तांदूळ आणि सणाचा तांदूळ असावा तितक्या सहजपणे माझा नवरा त्यांच्याबद्दल बोलायला लागला होता. घरात पिस्तूल आलं यापेक्षा त्याचा हा सहजपणा मला जास्त खटकायचा, आणि अजूनही खटकतो.

आम्ही ट्रॉयला राहतो, मिशिगनमध्ये. गणपतीच्या कार्यक्रमाला मंडळाची सगळी माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमलेली असताना आमच्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या घरी चोरी झाली. मागचं काचेचं दार फोडून चोर आत शिरले आणि फक्त सोनं घेऊन गेले. लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे आता चोरांनाही कळलंय, असं जो तो म्हणायला लागला. कोणी कॅमेरे बसवले, कोणी दागिने बँकेत ठेवले, एकाने कुत्रा आणला. माझ्या नवऱ्याने पिस्तूल आणलं.

हा माणूस मोटारींच्या एअरबॅगा आणि सीटबेल्टवर काम करतो. धडक झाली तर माणसाच्या छातीवर बसणारा मार कमी कसा करायचा, यावर आमचं घर उभं आहे. कॉलेजात एनसीसी केलं होतं, एवढाच त्याचा बंदुकीशी संबंध. पण एकदा मनावर घेतलं की तो अर्धवट काही करत नाही. कोर्स केला, लायसन्स काढलं, दर शनिवारी रेंजवर जायला लागला. एकदा मीही गेले. कानांवर जाड झाकणं, समोर कागदाचा माणूस, आणि आमचे हे चष्मा सावरत त्याच्या छातीत भोकं पाडतायत. मला हसू आलं आणि लगेच गेलं.

रेंजवर वापरायची काडतुसं स्वस्त असतात. गोळीचं टोक गोल, अंगभर तांब्याचं कवच. कागदातून सरळ आरपार जाते, कागदाला तेवढंच पुरतं. त्यातली उरलेली त्याने घरी आणली आणि तीच पिस्तुलात भरून पलंगाशेजारच्या पेटीत ठेवून दिली. त्याच मापाची आहेत, मग वेगळी कशाला आणायची? आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मेथी भरून ठेवणारी माणसं आम्ही. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

चूक दाखवली मुलीने. ती शिकागोला घरं बांधणाऱ्या एका कंपनीत काम करते. मधूनमधून इथे येऊन आठवडाभर तिच्या जुन्या खोलीतून काम करते. जेवताना तिने विचारलं, "बाबा, समबडी कमिंग अप द स्टेअर्स. तुम्ही कुठे उभे राहणार?"

त्याने चमच्याने दाखवलं. तो आमच्या बेडरूमच्या दारात, चोर जिन्याच्या तोंडाशी.

"अँड बिहाइंड हिम?"

"भिंत."

ती उठली आणि जेवणघराच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. पोकळ आवाज आला. "बाबा, इट्स ड्रायवॉल. कागद आणि प्लास्टर. वर जिन्याशीपण हीच, अँड बिहाइंड इट, दॅट्स माय रूम."

कित्येक वर्षं या घरात राहून, इथल्या भिंतींवर फोटो टांगून, त्याच्या आणि माझ्या डोक्यात भिंत म्हणजे विटांचीच होती. खिळा ठोकताना वाकतो, ती. त्याने चमचा खाली ठेवला आणि पुढे जेवला नाही.

मग सुरू झाला अभ्यास. जेलीच्या मोठ्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून दाखवणारे व्हिडिओ तो तासन्‌तास बघायचा. मी चहा घेऊन गेले की थांबवून समजावायचा. घरासाठी असते ती होलो पॉइंट, हिच्या टोकाला खड्डा असतो. अंगात शिरली की टोक फाकतं, गोळी पसरते आणि आतच थांबते.

"म्हणजे सेफ," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"मागच्यासाठी. चुकली तर हीसुद्धा भिंतीतून जाईल. पण लागली तर माणसातच राहते."

"आणि समोरच्याचं काय?"

"समोरचा चोर असणार ना!"

आमची मुलगी वाचण्यासाठी गोळी कोणाला तरी लागायलाच हवी, आणि आत शिरून फाकायलाच हवी, असा हा हिशेब होता. त्यात चूक काढता येत नव्हती. मी चहाचा कप त्याच्यासमोर आदळून निघून आले.

दुकानात त्याच्याबरोबर मी गेले ते निव्वळ हट्टाने. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, रेंजसाठी की घरासाठी? कॉफीवाला विचारतो ना, इथेच पिणार की बरोबर नेणार, तसंच. नवरा म्हणाला, "होम." घरासाठीचा डबा लहान होता आणि छान होता, आत प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत उभं. मला तो हातात घ्यावासा वाटला नाही.

परतताना मी गाडीत म्हणाले, "एवढं करतोयस, तर आधी गराजचा कोड बदल."

कारण आमच्या गराजचा कोड अर्ध्या ट्रॉयला पाठ होता. कोणी इडलीचं भांडं परत करायला येई, कोणी ढोलकी न्यायला. पुढच्या दाराने बेल वाजवून येतो तो पार्सलवाला. आपलं माणूस गराजमधून येतं.

"कोड बदलला तर लोकांना काय वाटेल?" तो म्हणाला.

पिस्तूल चाललं, कोड बदललेला चालेना. 

दिवाळी होऊन गेली होती. शनिवार होता, संध्याकाळी पाचलाच अंधारून आलं होतं. मी बेसमेंटमध्ये धुतलेले कपडे घडी करत होते, ड्रायर घुरघुरत होता. मुलगी आलेली होती, तिच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून कोणाशी तरी बोलत होती. नवरा बेडरूममध्ये आडवा झाला होता. खाली दिवे नव्हते.

दोन घरं सोडून आमची एक मैत्रीण राहते. तिच्या आई नागपूरहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मुलगी आजी म्हणायची. काकूंनी कोथिंबिरीची सांबारवडी केली होती आणि ती गरम असतानाच आमच्याकडे पोचवायची होती. त्यांनी कोड दाबला, गराजमधून आत आल्या, आणि कोणतंही आपलं माणूस करील तेच केलं. दाराशी बूट काढले. खाली अंधार, वर उजेडाची रेघ, म्हणून लोकरीचे मोजे घातलेल्या पायांनी गालिच्यावरून जिना चढायला लागल्या. दम लागत होता म्हणून हाक मारली नाही.

बूट काढून जिना चढणाऱ्या माणसाचा पाय वाजत नाही. फक्त पायरी करकरते. नवऱ्याने मला नंतर सांगितलं, पाय वाजला असता तर काही वाटलं नसतं. पण कोणीतरी चोरपावलांनी येतंय असंच ते होतं. मी बेसमेंटमध्ये, मुलगी खोलीत, मग हे कोण? त्याने पेटी उघडली आणि चमच्याने दाखवलं होतं तिथे जाऊन उभा राहिला.

मी बेसमेंटमधून वर आले तेव्हा मला काकूंचा आवाज ऐकू आला.

"काय दुरुस्त करून राहिले जी अंधारात?"

मी धावले. जिन्याच्या वर काकू, दोन्ही हातांत ताटली, वर पेपर टॉवेल झाकलेला. त्यांच्या समोर नवरा. त्याचा उजवा हात पाठीमागे होता आणि चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. काकूंच्या मागे मुलीच्या खोलीची भिंत.

"दिवा," तो म्हणाला. "दिवा गेलाय जरा."

काकूंना त्याच्या हातात ड्रिल दिसलं असावं. त्या हसल्या. खाली येऊन टेबलाशी बसल्या, थंडीला नावं ठेवली, गुडघ्याचं सांगितलं, माझा चहा पातळ आहे म्हणाल्या. मी हसून हो म्हणत त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतत होते. त्यांना काही कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. त्या गेल्यावर मुलगी खोलीतून बाहेर आली, आमचे चेहरे बघून काय झालं विचारलं, आणि मी सांगून टाकलं.

नवरा ताटलीकडे बघत होता. म्हणाला, "होलो पॉइंटच होत्या आत. आरपार गेली नसती. हिला काही झालं नसतं."

तो आम्हाला धीर देत होता. खरंच देत होता. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली. तो वाईट माणूस नाही, म्हणून जास्त वाटली. त्याने सगळा विचार केला होता, मापं, भिंती, कोन, सगळं बरोबर. फक्त समोर कोण असेल ते त्याने एकदाच ठरवून टाकलं होतं.

"अँड आजी?" मुलीने विचारलं.

"माझं बोट ट्रिगरवर नव्हतं."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड, बाबा."

मग मी खूप बोलले. चोराला सगळं सोनं मी स्वतः काढून देईन, पण हे घरात नको म्हणाले. सांबारवडी गार झाली, कोणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी कोड मीच बदलला. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, यंत्र बिघडलं होतं. काकू परत जाईपर्यंत पुढच्या दाराने आल्या, बेल वाजवून, आणि दर वेळी नवरा काहीतरी कारण काढून वर निघून गेला. त्याने पेटी बेडरूममधून काढून कपाटात वर ठेवली आहे. विकून टाक म्हटलं की "बघू" म्हणतो. रेंजवर जाणं मात्र बंद झालं.

मुलगी ख्रिसमसला आली नाही. काम आहे म्हणाली. फेब्रुवारीत एका दुपारी तिचा फोन आला. माझे हात कणकेत होते म्हणून मी स्पीकरवर घेतला. नवरा समोर टेबलाशी बसून लसूण सोलत होता.

"आई, मी ड्राइव्हवेमध्ये आहे."

"अगं, मग ये ना आत! नवा कोड पाठवलाय की तुला."

"आय नो. बाबा कुठे आहेत? कॅन यू जस्ट टेल हिम इट्स मी?"

नवऱ्याने ऐकलं. सुरी थांबली.

"इथेच आहेत," मी म्हणाले. "माझ्यासमोर. लसूण सोलतायत."

"ओके. कमिंग."

त्याने सुरी बाजूला सरकवली. गराजचं दार वर जायला लागलं, मग थांबलं, मग आतलं दार उघडलं. ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहीपर्यंत त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे, तिला दिसतील असे ठेवले होते.