मानाचं इंजिन

गावच्या सहकारी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी इंजिन मिस्त्री होतो. तामलवाडीच्या बाजूचं आमचं गाव आणि साल दुष्काळाचं, सत्तरच्या दशकातलं. सभासदांची बंद पडलेली डिझेल इंजिनं शेडमध्ये येऊन पडायची. त्यातलं आधी कोणतं उघडायचं, हे मानावर ठरे. पोळ्याला वेशीतून पहिले बैल ज्यांचे जातात, त्यांचंच इंजिन पहिलं. हा नियम कुणी कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं तो खोडताही येत नव्हता.

पोळ्याला पहिले बैल सोसायटीच्या चेअरमनचे, म्हणून त्यांचं इंजिन सगळ्यांच्या पुढं. धूड नुसतं! पिस्टन घासलेला, सिलिंडर बोअर करायला सोलापूरला न्यायचा, सुटा भाग मिळेना म्हणून पुन्हा हेलपाटा. पार मागं कोपऱ्यात आमच्या बौद्ध वस्तीचं छोटं इंजिन पडलं होतं. त्याचं फक्त डिझेल फवारणारं नॉझल तुंबलेलं, एका दुपारचं काम. वस्तीची विहीर खाली ओढ्याला होती. इंजिन चालू असलं की पाणी वर हौदात यायचं. आता बायका ओढ्यात उतरायच्या, दोरानं पाणी शेंदायच्या आणि भरली घागर घेऊन चढ चढायच्या. त्यांच्यात माझी बायकोही होती, दिवस भरत आलेली. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं.

"साऱ्या गावाची इंजिनं तुमच्या हातानं सुरू व्हत्यात, आन् आपलंच कसं वो न्हाय?" ती विचारायची.

मी तिच्यावरच खेकसायचो. खरं तर मला भीती वाटत होती. वस्तीतला सोसायटीच्या नोकरीत लागलेला मी पहिलाच. आपल्या माणसांचं काम पुढं ओढलं असतं, तर बोट दाखवायला गाव टपलेलंच होतं.

शेवटी चेअरमनचं धूड तयार झालं. बैलगाडीत घालून मळ्यात नेलं, विहिरीवर बसवलं. बघायला अर्धं गाव जमलं. हँडल मारलं आणि इंजिननं असा सुरेख ठेका धरला की माझी छाती फुगली. पाइपातून चिखलाच्या दोन गुळण्या आल्या, मग नुसती हवा. विहीर कधीच आटली होती. इतक्या दिवसांत आत डोकावून बघावं, हे चेअरमनना सुचलं नाही, गड्यांना नाही आणि मलाही नाही!

माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी जमिनीवर आपटला.

"आता तरी नीट ठरवा. कुणाच्या हिरीला पानी हाय, त्यावर किती घरं जगत्यात आन् कामाला येळ किती लागंल, ते बघा. थोड्या कामात जे लई जनांना पानी देतंय, ते आधी उघडू."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं, या हिशेबानं पहिलं कुणाचं येतं ते.

चेअरमन काठावर बसून कोरड्या विहिरीत बघत होते. "मग कुनाचं येतंय पयलं?"

"आमच्या वस्तीचं."

चेअरमन माझ्यावरच डाफरले, "तुझं म्हनून मागं ठिवलं व्हतंस व्हय? लई शाना हाईस! जा, उघड ते आधी."

मी धावतच शेडमध्ये गेलो. त्यानंतर शेडमध्ये तोच हिशेब चालू झाला आणि कोपरे भराभर मोकळे झाले. पोळ्याला मात्र बैल मानानंच गेले, तिथं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मळ्यातल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वस्तीचं इंजिन सुरू झालं. बायको रिकामी घागर घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली होती, ती आवाज ऐकून अर्ध्यातूनच माघारी आली. घागर भिंतीशी ठेवली आणि आडवी झाली. उन्हं वर आली तरी ती झोपलेलीच. मी कामाला गेलो नाही, तिला उठवलंही नाही. दारात बसून राहिलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जागी झाल्यावर तिनं पोटावर हात ठेवला. "आज लई लाथा मारतंय वो," ती म्हणाली. मी तिथंच ढसाढसा रडलो.