पाच दिवस बंद

आम्ही दोघं एकाच वर्गातले. तो हाडांचा डॉक्टर झाला, मी भूलतज्ज्ञ. त्याने सोलापुरात दवाखाना काढल्यापासून बारा वर्षं त्याच्या पेशंटना मीच भूल देत आले.

त्या सकाळी होटगीचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ टेबलावर होते. गुडघा बदलायचा होता. हृदयात स्टेंट, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू. अशा माणसाला पाठीतून भूल द्यायची तर ती गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते. नाहीतर मणक्यात रक्त साचून पाय कायमचे जाऊ शकतात.

"गोळी?" मी विचारलं.

"पाच दिवस बंद. अगं, मीच केलीय," तो म्हणाला. पेशंटनेही मान हलवली. फाइलवर त्याच्या अक्षरात तेच होतं. मी पाठीत सुई घातली.

दुपारचे चार वाजले, भूल उतरायची वेळ टळून गेली, तरी त्यांच्या पायाची बोटं हलेनात. पाठ ठणकत होती. मी त्यांच्या बायकोला बाजूला घेतलं. "काकू, शेवटची गोळी कधी दिलीत?"

त्यांचा चेहरा उतरला. "काल रातीबी दिली की. डाक्टरच म्हणले, भुलीच्या बाईंनी इचारलं तर बंद हाय म्हणा. न्हायतर त्या आपरेशन पुढं ढकलत्यात."

त्या शनिवारी तो सहकुटुंब परदेशी जाणार होता. ऑपरेशन पुढं गेलं असतं, तर पेशंट दुसरीकडं गेला असता.

एमआरआयमध्ये रक्ताची गाठ दिसली. मणक्याच्या सर्जनने संध्याकाळीच ती काढली. मी बाहेर आले तर तो पेशंटच्या मुलाला सांगत होता, "भुलीत गडबड झाली." मी दोन हात अंतरावर उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गोळी बंद नव्हती," मी मुलाला म्हणाले. "ते माझ्यापासून लपवलं. पण गोळ्यांचं पाकीट मागून बघायला हवं होतं. ते मी बघितलं नाही."

त्यांचा डावा पाय सुधारला. उजवा अजून ओढतच चालतात. घरी जाताना माझा हात धरून म्हणाले, "खोटं बोललो बाई. डाक्टरचा शब्द कसा मोडायचा?"

परदेशातून परतल्यावर त्याचा फोन आला. "इतक्या वर्षांची मैत्री, आणि एवढ्यावरून तोडतेस?"

एवढ्यावरून. मी फोन ठेवला. त्याच्या थिएटरमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही.